दादा बोलायला लागला

१२ मार्च

प्रिय वन्सं,

पत्रास कारण असं, की तुमचे दादा परवा हॉस्पिटलातून घरी आले आणि तुम्हाला यातलं अवाक्षर कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलंय. फोन त्यांच्या खुर्चीला लागून. फोनवर बोलायचं म्हणजे त्यांच्या कानातच बोलायचं. म्हणून कागद काढला. शिवणाच्या क्लासच्या मुली गेल्या, कापड बेतायचं टेबल रिकामं आहे, तिथे बसून लिहितेय.

घाबरू नका. प्रोस्टेटची गाठ वाढून लघवी अडली होती. दोन दिवस माणूस पोटावर हात धरून येरझाऱ्या घालतोय, आणि विचारलं की "काही नाही." शेवटी चेहरा पांढराफटक पडला तेव्हा मी विचारणं सोडलं आणि टॅक्सी बोलावली. तिथे नळी घातल्यावर यांना सुटल्यासारखं झालं. जीव भांड्यात पडला म्हणतात, यांचा पिशवीत पडला! डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, ऑपरेशन लगेच नको. गाठ आकसायची गोळी दिलीय. तीन आठवड्यांनी या, नळी काढून बघू, आपली आपण होतेय का.

तर आता नळी, मांडीला चिकटपट्टी आणि खाली पिशवी. ज्या माणसाने आयुष्यात शर्टाचं वरचं बटण उघडं टाकलं नाही, त्याच्या शेजारी ही पारदर्शक पिशवी! नकाशा कचेरीतले जुने मित्र भेटायला आले, तर हे तासभर मांडीवर पेपर पसरून बसले. कोणी पान मागितलं तरी देईनात. ते गेल्यावर मी पिशवीला पिशवी शिवली. निळ्या चौकडीचं कापड, वर नाडी. यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, शिवण ओढून बघितली आणि म्हणाले, "बरं." एवढ्यावर मी आठवडा काढते, मला सवय आहे.

स्वच्छतेची काळजी नको. मामंजींच्या आजारात तुम्ही जे शिकवलंत त्यातलं एक अक्षर मी विसरले नाही. काळजी दुसरीच आहे. तीन आठवड्यांनी परत जायचं म्हटलं की हे म्हणतात, "बघू." त्यांचं बघू म्हणजे काय ते तुम्हाला माझ्याआधीपासून ठाऊक. तुमचा पाय कसा आहे? प्लास्टरवर नातीने काय काय रंगवलंय ते लिहा.

तुमची,
वहिनी

*

२१ मार्च

वहिनी,

बरं झालं लिहिलंस. दादाला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. मी रविवारी फोन करीन तेव्हा "तब्येत कशी" विचारीन, तो "ठीक" म्हणेल, आणि आम्हा दोघांचं समाधान होईल. लहानपणापासून आमचं असंच चाललंय.

पाय प्लास्टरमध्ये आहे, नातीने त्यावर जिराफ काढलाय. हा जिराफ आड आला नसता तर मी तुझं पत्र वाचून पहिल्या गाडीला बसले असते.

तुझं पत्र वाचलं आणि बाबांची ती मागची खोली डोळ्यांपुढे उभी राहिली. तू लग्न होऊन नुकती आलेली, मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, अंगात नको एवढा शहाणपणा. बाबांना लाल रबरी नळी, पलंगाखाली काचेची मोठी बाटली. पहिल्या दिवशी बाटली उचलायची वेळ आली तेव्हा तू दाराकडे तोंड करून उभी राहिलीस आणि मी तुझ्यावर मेट्रनबाईंसारखी ओरडले होते. महिन्याभरात तूच मला सांगायला लागलीस, "वन्सं, हात धुतलेत का?" नळ्या उकळायला तू दुधाचं पातेलं दिलंस. ते आईने परत स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, बाहेर झाडाखाली पालथं घातलं, नि तू त्यात गुलाब लावलास. त्या गुलाबाला काय फुलं यायची! आई म्हणायची, मेलं खतच तसं मिळालंय.

किती दमायचो आणि तरी किती हसायचो गं आपण. बाबा झोपले की त्या खोलीच्या पायरीवर बसून तू मला टाके घालायला शिकवायचीस, कापडाचे. मी तेच माणसांना घालायचे. पुढे वॉर्डात सगळे म्हणायचे, सिस्टरच्या हाताचा टाका बघावा. तो टाका तुझा होता, हे मी कुणाला सांगितलं नाही, श्रेय कोण सोडतो?

असो. तुझी शिकवणी घ्यायची गरज नाही, तुझा हात मीच घडवलाय. तरी दोन गोष्टी. पाणी भरपूर पाजायचं, तो नको म्हणाला तरी. आणि पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. तारखेला त्याला घेऊन जा. नळी म्हणजे पाहुणी, काम झालं की निघालेली बरी, मुक्काम वाढवला की घर नासवते. "बघू" म्हणाला तर "बघायलाच चाललोय" म्हणावं.

ठमी

*

१३ एप्रिल

प्रिय वन्सं,

आज लिहायला बसले ती पोटात मावत नाही म्हणून. दगडाला पाझर फुटला! तुमचे दादा बोलायला लागलेत.

खरंच सांगते. चारेक दिवस झाले. आधी मला वाटलं रेडिओ लागलाय. गेले तर हे पलंगावर बसून बोलताहेत, तुमच्या लहानपणचं. तुम्ही लपाछपीत रिकाम्या धान्याच्या कोठीत बसलात आणि तिथेच झोपलात, सगळी गल्ली शोधतेय, आणि यांनी घोरण्यावरून तुम्हाला शोधलं! तुम्ही कधी बोलला नाहीत मला हे. शेजारच्यांचं ते बदक, जे फक्त तुमच्या बाबांच्या मागे लागायचं. आईंच्या खोकल्याच्या बाटलीतला मध दोघांनी संपवून त्यात गुळाचं पाणी भरलं तेही कळलं. आणि वन्सं, तो नकाशा! तुम्ही पहिल्यांदा एकट्या शाळेत जाणार म्हणून यांनी तुम्हाला घर ते शाळा नकाशा काढून दिला होता म्हणे. त्यावर लाल पेन्सिलीने, "इथे कुत्रा चावतो." पुढे, "इथे चावत नाही पण भुंकतो." हे सांगताना असे हसले की मी बघतच राहिले. लग्नाच्या फोटोत सोडून मी यांचे दात नीट पाहिले नव्हते.

कधी कधी तर मलाच "ठमे" म्हणतात. मी पण "काय रे दादा" म्हणते. म्हातारपणी माणूस असाच मागे मागे जातो ना? परवा चपला शोधत होते, शाळेला उशीर झाला म्हणून. आई बाजारातून आली का विचारत होते. मला आधी कसंतरी झालं, मग वाटलं, राहू दे. इतकी वर्षं या घरात मी एकटी बोलत आले, भिंती ऐकत आल्या. आता दुसरा आवाज आलाय तर तो अडवायचा कशाला? मी शिवण घेऊन त्यांच्या पायाशी बसते आणि ऐकते. क्लासला सुट्टी दिली चार दिवस. रविवारी तुमचा फोन आला तेव्हा हे झोपले होते, आणि मी मुद्दामच काही बोलले नाही. अशी गोष्ट फोनवर काय उधळायची?

बाकी ठीक. जेवण कमी झालंय, दिवसा झोपतात फार. या उन्हाळ्यातसुद्धा शाल लागते, संध्याकाळी जरा हुडहुडी भरते, मी गरम चहा देते, तापाची अर्धी गोळी देते, थांबते. त्यामुळे हॉस्पिटलची तारीख टळली, म्हटलं जरा अंगात बळ येऊ दे. पिशवीतलं पाणी थोडं गढूळ दिसतं, म्हणून आता मी दिवसातून दोनदा धुते. दोन पिशव्या केल्यात. जोड सोडवायचा, एक लावायची, दुसरी साबणाच्या गरम पाण्याने खळखळून धुऊन दोरीवर उन्हात. चकचकीत! मामंजींची बाटली तरी एवढी चमकत नसे. तुम्ही पाहिलीत तर पाठ थोपटाल.

आता उठते, हाक मारताहेत. "ठमे" म्हणून.

तुमची,
वहिनी

*

१८ एप्रिल, दुपार

वहिनी,

आत्ता फोन ठेवलाय आणि तू दादाला घेऊन निघाली असशील. हे पत्र तुला पोचेल तोवर काय ते झालेलं असेल, पण मला नुसतं बसवत नाही. पायात प्लास्टर, घरातले सगळे बाहेर, जिराफाशी किती बोलणार?

तुझं पत्र उघडलं आणि पहिलं पान मी हसत वाचलं. कोठीत घोरले होते हे खरं आहे. नकाशाचं वाचलं आणि डोळे भरून आले. तो नकाशा मी चौथीपर्यंत दप्तरात ठेवला होता, आणि दादाला तो आठवत असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मग पान उलटलं. हुडहुडी. गढूळ. दोनदा धुते. वहिनी, तीस वर्षं पुरुषांच्या वॉर्डात काढलीत मी. म्हातारा माणूस नळीवर असताना एकाएकी आईला हाका मारायला लागला, चपला शोधायला लागला, की आम्ही आधी तापाचा तक्ता बघायचो. पुष्कळदा ताप फारसा नसतोही. म्हाताऱ्या शरीरात जंतू शिरले की आधी डोकं भरकटतं.

फोन दादाने उचलला. मी म्हटलं, "दादा, मी ठमी." तो म्हणाला, "आई, ठमी सापडली का?" इतक्या लहान आवाजात. 

तुला फोनवर मी ओरडून बोलले. तुझ्या मागे टॅक्सीचा हॉर्न ऐकू येईपर्यंत ओरडतच होते. हॉस्पिटलात सांगायचं राहिलं असेल तर आता सांग: नळी कधी घातली, हुडहुडी कधीपासून, तापाची गोळी किती दिली आणि पिशवी दोनदा सुटी होत होती. काही लपवू नकोस. बाबांच्या वेळी उघडी बाटली होती, ती धुवावीच लागायची, नळ्या उकळाव्याच लागायच्या. आता नळी आणि पिशवी मिळून एकच बंद वाट असते. खालची तोटी उघडून पिशवी रिकामी करायची, बस्स. वरचा जोड उघडला की जंतूंना दार उघडून दिल्यासारखं होतं, मग पिशवी कितीही चकचकीत असो. मी तुला गुलाबाच्या आणि पातेल्याच्या गोष्टी लिहीत बसले आणि कशी धुतेस एवढं विचारलं नाही.

माझ्या ओरडण्याचा राग धरू नकोस. वॉर्डात मी अशीच ओरडायचे, जेव्हा फार भीती वाटायची तेव्हा.

ठमी

*

२३ एप्रिल

प्रिय वन्सं,

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, औषधाच्या खोक्यावर कागद ठेवून लिहितेय. रोज फोनवर तुम्हाला "तसंच आहे" एवढं सांगते, कारण इथला फोन काउंटरवर आणि मागे रांग.

हे आयसीयूत आहेत. जंतू रक्तात गेलेत. आल्या आल्या रक्त घेतलं, जुनी नळी काढून नवी घातली आणि लघवीचा नमुना नव्या नळीतून घेतला. मी विचारलं, पिशवीतलं आहे की एवढं! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यात कुठलेही जंतू वाढलेले असतात, त्यावरून औषध ठरवता येत नाही. लगेच शिरेतून औषध सुरू केलं. जुनी नळी त्यांनी मला दाखवली. आतून बुळबुळीत थर, पाण्याच्या टाकीला शेवाळं धरतं तसा. त्या थरात जंतू दडून बसतात आणि औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून आधी नळी बाहेर. मला वाटायचं, औषध म्हणजे सगळीकडे पोचतं.

डॉक्टरीण पोरगेलीच आहे, माझ्या क्लासमधल्या मुलींएवढी. तिने विचारलं, "आजी, घरी पिशवी कोण बदलायचं?" तुमचा फोन आला होता, मला सगळं कळलं होतं, तरी माझ्या तोंडून निघालं ते ताठ मानेनेच, "मी. रोज, दोनदा." तिने मान हलवून लिहून घेतलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

माझी स्वच्छता, वन्सं! जिला सगळी गल्ली नावं ठेवायची, वहिनी दगडसुद्धा साबणाने धुतात म्हणून. तिनेच यांना इथवर आणलं.

आता यांचं बोलणं थांबलंय. दोन दिवस नुसते पडून आहेत, डोळे मिटलेले, चादरीच्या कडेशी बोटं चाळवतात. मघाशी डॉक्टरीण म्हणाली, रक्तदाब सावरतोय, औषध लागू पडतंय असं दिसतं, पण आजचा दिवस बघू. मग मला धीर द्यायला म्हणाली, "आजी, ताप उतरला की हे बरळणं जाईल. आजोबा होते तसे होतील."

होते तसे.

तुम्हाला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. ते ऐकून मला आनंदाच्या आधी धस्स झालं. होते तसे म्हणजे "बरं" आणि "बघू". म्हणजे तो बोलणारा, हसणारा माणूस आजार होता आणि औषध दिलं की तो जाणार. मी काचेतून बघतेय आणि हे जगावेत म्हणून जीव टांगणीला लागलाय, आणि मनाचा एक कोपरा त्या चार दिवसांसाठी झुरतोय. अशी कशी मी? त्यातला एकही शब्द माझ्यासाठी नव्हता, सगळे तुमच्यासाठी, आईंसाठी होते, तरीसुद्धा.

आत बोलावताहेत.

वहिनी

*

२८ एप्रिल

वहिनी,

काल फोनवर तू म्हणालीस, यांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मी इथे स्वयंपाकघरात कुबडीवर उभी राहून रडले. नात म्हणाली, आजी, पाय दुखतोय का? म्हटलं हो, दुखू दे.

आधी कामाचं बोलते. आता रोज सकाळी डॉक्टर आले की एकच प्रश्न विचारायचा: आज ही नळी लागतेय का? रोज. लाजायचं नाही, कंटाळायचं नाही. आमच्या वॉर्डात उत्तम सिस्टर ती, जी नळी घालण्यापेक्षा काढायची घाई करायची. जितकी लवकर निघेल तितका दादा सुरक्षित. आणि औषधाचा कोर्स पूर्ण व्हायला हवा. बरं वाटतंय म्हणून दादा गोळ्या बंद करू बघेल, त्याच्या "बघू"ला बधू नकोस.

आता दुसरं. स्वतःला बोल लावणं पुरे. तू शिकलेलं विसरली नाहीस, हाच काय तो तुझा गुन्हा. शिकवलेलं जुनं झालं हे तुला कुणी कळवलं नाही, आणि हॉस्पिटलातून पाठवताना कुणी नीट समजावूनही दिलं नाही. तू मनाला लावून घेतलंस तर मला तुझ्याशी भांडावं लागेल, आणि माझा एक पाय अधू असताना ते शोभणार नाही.

आणि त्या मनाच्या कोपऱ्याचं. अगं, मला शिव्या दिल्यास तरी चालेल, पण मीही ते पत्र परत परत वाचतेय. दादा बरा व्हायला हवा हे सांगायला मी फोनवर घसा बसवला, आणि रात्र झाली की नकाशाचं पान उघडते. आईचं, बदकाचं, कोठीचं आता आठवणारं दुसरं कुणी उरलं नाही. त्याच्या डोक्यात ते सगळं शाबूत आहे हे तापाने का होईना कळलं. आपण दोघी सारख्याच.

पण बोलण्यावरून माणूस मोजू नकोस. तुला एक ठाऊक नाही. बाबांच्या आजारात तू रोज सकाळी बाटली धुवायला मागे जायचीस तेव्हा ती कितीदा आधीच धुऊन पालथी ठेवलेली असायची? तुला वाटायचं मी धुतली. मला वाटायचं तू. एकदा मी पहाटे ड्यूटीवर निघाले तर मोरीत दादा, कचेरीच्या शर्टाच्या बाह्या दुमडून, तोंड फिरवून बाटली घासतोय. मला बघून म्हणाला, "तिला उलटी येते." एवढंच. महिनाभर तो हे करत होता आणि तू दाराकडे तोंड करून उभी राहायचं सोडल्यावर थांबला. मी हे तुला सांगितलं नाही, कारण त्याने सांगू नको अशा नजरेने पाहिलं होतं. आता तो आयसीयूत आहे, तेव्हा त्याच्या नजरेला मी भीत नाही.

ठमी

*

१९ मे

प्रिय वन्सं,

हे घरी आले. नळीशिवाय!

तुम्ही सांगितल्याप्रमाणे रोज विचारत होते. चौथ्या दिवशी डॉक्टरीण हसून म्हणाली, आजी, तुम्हाला बघितलं की मला तो प्रश्न आधीच ऐकू येतो. गाठ गोळ्यांनी थोडी आकसली होती, एका सकाळी नळी काढली. मग पाणी पाजत बसायचं आणि वाट बघायची. हे संडासात, मी दाराबाहेर, माझ्या मागे सिस्टर, तिच्या मागे वॉर्डातले दोन पेशंट, सगळे कान देऊन. पहिल्यांदा काही नाही. परत पाणी. परत काही नाही. सिस्टर म्हणाली, दुपारपर्यंत झाली नाही तर परत नळी. मी दाराला टेकून डोळे मिटले. आणि मग आवाज आला. वन्सं, मी गाणं शिकले, तुमच्याबरोबर मोठमोठ्या मैफली ऐकल्या, पण असा आवाज ऐकला नाही. मागचे दोघे पेशंट टाळ्या वाजवायला लागले. हे बाहेर आले, सगळ्यांकडे बघितलं, वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "काय झालं?"

तर, होते तसे झाले. अगदी तसे. तापातलं काही म्हणजे काही आठवत नाही. मी एकदा बदकाचा विषय काढला, तर "हं." कोठीचं विचारलं, तर "असेल." बोलणारा माणूस औषधाबरोबर गेला, डॉक्टरिणीने सांगितलं तसाच.

तुमची बाटलीची गोष्ट मी यांना विचारली नाही. विचारलं तर नाही म्हणतील, आणि मग माझ्या हातून तीही जाईल. पण तुम्ही मला ती दिलीत, म्हणून मीही तुम्हाला एक देते. ही मी तेव्हा लिहिली नव्हती. हे जगतील की नाही हेच ठाऊक नसताना ती कागदावर उतरवायचा धीर झाला नाही. आणि मी तुम्हाला लिहिलं होतं ना, त्यातला एकही शब्द माझ्यासाठी नव्हता म्हणून, ते खोटं होतं.

तुमचा फोन ठेवून आम्ही टॅक्सीत बसलो त्या दिवशीची गोष्ट. यांचं डोकं माझ्या खांद्यावर, अंग तापलेलं.  जन्मात पहिल्यांदा मला बोलायला काही सुचत नव्हतं. हे इकडेतिकडे बघायला लागले. म्हणाले, "ठमे, ही कुठेय?"

मी म्हटलं, "कोण रे दादा?"

"ती गं. घरात तिचा आवाज नाही."

मी म्हटलं, "येईल आता."

 सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा माझ्या कानाशी, गुपित सांगावं तसं म्हणाले, "ती बोलत असली ना, की मी मधे बोलत नाही. मी बोललो की ती थांबते. मग घर कसंतरीच होतं."

सिग्नल सुटला. टॅक्सीवाल्याने आरशातून बघत म्हटलं, बाई, रडू नका, पोचलोच. त्याला काय सांगणार?

इतकी वर्षं, वन्सं. मला वाटत होतं भिंती ऐकतात.

काल संध्याकाळी क्लास सुटल्यावर मी नेहमीसारखी शिवण घेऊन बसले. हे समोर, पेपर तोंडापुढे. मी नव्या मुलीची गोष्ट सांगत होते. तिने लग्नाच्या ब्लाउजची बाही उलटी जोडली, नवरीमुलगी घालून बघते तर एक हात वरच राहतोय, दारात सासरची माणसं उभी, आणि ही मुलगी रडत माझ्याकडे पळत आली. इथवर सांगितलं आणि थांबले. मुद्दाम. सुई ओवली. दोरा तोडला. गाठ मारली.

पेपर खाली आला. चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "मग?"

तुमची,
वहिनी